शब्दचर्चा : ‘इच्छामरण’ म्हणजे नेमकी कुणाची इच्छा?

वडगावचे गुरुजी

गेल्या वर्षी माझी थोरली आत्या गेली. वय ८३. बेळगावातल्या एका दवाखान्यात ती अतिदक्षता विभागात होती, नळीवर. मूत्रपिंडं थांबली होती. डॉक्टर बाहेर आले आणि निम्मं कन्नड, निम्मं इंग्रजी असं काहीतरी बोलले. सांगणं एवढंच होतं की डायलिसिस करून आता उपयोग नाही, तर ते न करता त्रास कमी करायचं बघूया का. आतेभावाला कन्नड चांगलं येतं. त्यानं बहिणीला एका वाक्यात सांगितलं, “आईला इच्छामरण द्यायचं काय म्हणून विचारायलेत.”

आतेबहीण भिंतीला टेकून खालीच बसली. “म्हणजे आम्ही मारायचं आईला?”

मग कोण कशाला हो म्हणतंय? डायलिसिस झालं. नळ्या उपसू नयेत म्हणून आत्याचे दोन्ही हात पट्टीनं कॉटला बांधले होते. ती सहाव्या दिवशी गेली. अंघोळ घालताना मनगटावर ते वळ सगळ्यांनी बघितले. मधल्या काळात सह्या झाल्या त्या कन्नड-इंग्रजी फॉर्मवर. आतेभावानं खाली मराठीत सही केली, पण वरचं वाचलं नव्हतं.

दोष मी कुणा माणसाला देत नाही. दोष शब्दाचा आहे. डॉक्टरांनी विचारलं ते एक, आणि आमच्या भाषेनं बहिणीच्या कानात घातलं ते दुसरंच.

मुळात हा शब्द आपल्या मनात भीष्मामुळे बसलेला आहे. शंतनूनं दिलेला वर तो. महाभारतात त्याला ‘स्वच्छंदमरण’ असंही म्हटलंय. पण त्या वराचा भीष्मानं उपयोग कशासाठी केला? मरण लांबवण्यासाठी. शरपंजरी पडून तो उत्तरायणाची वाट बघत राहिला. मरण मागून घेण्याचा हक्क असा अर्थ तिथं नव्हताच. आज मात्र विषाचं इंजेक्शन देणं, व्हेंटिलेटर काढणं, डायलिसिस न करणं, एवढंच काय, पगार मिळत नाही म्हणून राष्ट्रपतींकडे ‘इच्छामरणाची परवानगी’ मागणं, या सगळ्याला वर्तमानपत्रात हा एकच शब्द.

मी जुन्या वळणाचा माणूस आहे. जीव घेणं हे डॉक्टरचं काम नव्हे, आणि सरकारचं तर नव्हेच नव्हे, असं मी मानतो. मरायला टेकलेल्या माणसाला यंत्राला जखडून ठेवणं हेही मला धर्माला धरून वाटत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणायच्या तर दोन वेगळे शब्द लागतात. ते आहेत का आपल्याकडे?

शहापूरचा वकील

गुरुजी, कायद्याचं तेवढं आधी सांगतो, म्हणजे चर्चा भरकटणार नाही.

अरुणा शानबाग म्हणजे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स, हल्ला झाल्यापासून भान हरपून अंथरुणावर पडलेल्या. त्यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मारणं, म्हणजे सक्रिय, ते नाही. उपचार काढून घेणं किंवा सुरूच न करणं, म्हणजे निष्क्रिय, त्याला उच्च न्यायालयाच्या परवानगीनं वाट. ९ मार्च २०१८ ला घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, धरला आणि आगाऊ लिहून ठेवायच्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. ती रीत फार किचकट होती म्हणून २४ जानेवारी २०२३ ला सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. दवाखान्यात डॉक्टरांची दोन मंडळं बसतात, एकानं ठरवलेलं दुसरं तपासतं. शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग घरच्यांची संमती आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं.

आपल्या कर्नाटक सरकारनं हे राबवण्याचं परिपत्रक ३० जानेवारी २०२५ ला काढलं. जिल्ह्यात दुसऱ्या मंडळावरचा डॉक्टर ‘डीएचओ’, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी, नेमतात. यात कुठंही कुणी कुणाला मारत नाही. सक्रिय प्रकार आजही गुन्हाच आहे.

खरं, शब्द बदलायला माझा विरोध आहे. ‘निष्क्रिय इच्छामरण’ रुळलाय. नवीन शब्द काढला तर पक्षकाराला पुन्हा पहिल्यापासून समजवावं लागतंय.

वडगावचे गुरुजी

वकीलसाहेब, आतेभावानं ‘निष्क्रिय’ वगळलं होतं. घाईत सगळेच वगळतात. विशेषण गळतं, नाम उरतं. शब्द असा पाहिजे की निम्मा ऐकला तरी उलटा अर्थ होऊ नये.

कन्नडचंही बघा. तिकडे ‘दयामरण’ चालतं, आणि परिपत्रकाच्या बातम्यांत होतं ‘घनतेयिंद सायुव हक्कु’. कन्नडात घनते म्हणजे प्रतिष्ठा. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं ते तोडकंमोडकं वाचून विचारलं, “सर, घनतेनं मरणं म्हणजे काय? घनता तर विज्ञानात असते.” हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. सीमाभागात माणूस अशाच अर्धवट कळलेल्या कागदावर सही करतो. भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात असं १९५६ च्या केंद्राच्या निवेदनातच आहे. रस्त्याच्या पाट्यांसाठी आपण इतकी वर्षं भांडतोय. या फॉर्मसाठीही भांडायला पाहिजे.

खानापूरची सिस्टर

मी २२ वर्षं वॉर्डात आहे. तिथले शब्द सांगते.

डॉक्टर म्हणतात, “आता घरी घेऊन जावा.” नातेवाईक म्हणतात, “किती दिवस काढतीय बिचारी.” गेल्यावर म्हणतात, “सुटली.” इच्छामरण हा शब्द पेशंटच्या तोंडून मी एकदाही ऐकलेला नाही. पेशंट म्हणतात, “पांडुरंगा, ने रे आता.” हे मात्र रोज ऐकते. आणि हे म्हणणाऱ्या आजीला पाच मिनिटांनी चहा दिला की म्हणते, “साखर कमी घातलीस गं.”

आता घरच्यांनी ते “ने रे” ऐकलं आणि म्हणाले, बघा, त्यांचीच इच्छा आहे, तर? मला या गोष्टीची भीती वाटते. कागदावर ‘इच्छा’ हा शब्द आला की कुणीतरी असं बोट दाखवणारच.

अरुणा शानबाग आपल्या इकडच्याच, उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरच्या. २७ नोव्हेंबर १९७३ पासून १८ मे २०१५ पर्यंत, साडेएकेचाळीस वर्षं, केईएमच्या नर्सनी त्यांना सांभाळलं. जिनं कधी अरुणाताईंना धडधाकट पाहिलंच नव्हतं तिनंही सांभाळलं. त्यांचं अन्न बंद करावं असा अर्ज कोर्टात आला तेव्हा त्या नर्स विरोधात उभ्या राहिल्या. कायद्यात काय लिहिलं ते वकीलसाहेबांना माहीत. आम्हाला त्यातून एवढंच कळलं की अंग पुसणं, कूस बदलणं, घास भरवणं हा ‘उपचार’ नव्हे. तो बंद करण्याचा प्रश्न येत नाही.

संस्कृतचा विद्यार्थी, टिळकवाडी

सिस्टरनी सांगितलेलं “ने रे आता” वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितो.

संस्कृतात इच्छा दाखवायला धातूला ‘सन्’ प्रत्यय लागतो. जगायची इच्छा ती जिजीविषा, जाणून घ्यायची ती जिज्ञासा. त्याच रीतीनं मृ धातूपासून ‘मुमूर्षु’. सरळ अर्थ घेतला तर मरू इच्छिणारा. पण वापरात मुमूर्षु म्हणजे मरणाच्या दारात असलेला. वैयाकरणांनी हे हेरलं होतं. पाणिनीच्या व्याकरणावरची जुनी टीका काशिका, तिच्यात उदाहरणं आहेत, ‘पिपतिषति कूलम्’ आणि ‘श्वा मुमूर्षति’. नदीचा काठ पडू पाहतोय, कुत्रा मरू घातलाय. काठाला कसली आलीय इच्छा? तिथं बघणाऱ्याला वाटणारी शंका आहे, की आता हा पडणार.

मराठीतही तेच आहे. ‘भिंत पडू पाहते’ असं म्हणतो तेव्हा भिंतीला काही पाहिजे असतं असं नव्हे. व्याकरण जे कुत्र्याच्या बाबतीत ओळखतं ते आपण आजीच्या बाबतीत विसरायचं का?

जाता जाता आणखी एक. सिस्टर जे करतात त्याला आपला शब्द ‘शुश्रूषा’. तोही सन्नंतच, म्हणजे ‘सन्’ लागलेला, श्रु धातूपासून. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. आजाऱ्याची सेवा हा अर्थ नंतर आला.

वडगावचे गुरुजी

वा! ४० वर्षं शाळेत ‘शुश्रूषा’चं शुद्धलेखन तपासलं, ‘श’ कुठं आणि ‘ष’ कुठं ते लाल शाईनं दाखवलं. पण त्या शब्दाच्या पोटात ऐकणं आहे हे आज कळलं. आत्याचं ऐकायला त्या सहा दिवसांत कुणी नव्हतं. तिच्या तोंडात नळी होती.

निपाणीकर

यात सल्लेखनेला, म्हणजे जैनांच्या अन्नपाणी सोडून देह ठेवण्याच्या व्रताला, ओढू नका एवढी विनंती. आमच्या भागातल्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज, ज्यांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, त्यांच्या त्या व्रताला कुणी इच्छामरण म्हटलं की आम्हा जैनांना लागतं. सत् आणि लेखना, म्हणजे देह आणि कषाय (राग, लोभ असे मनाचे विकार) दोन्ही नीट क्षीण करणं. ते व्रत आहे. १० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान उच्च न्यायालयानं त्याला आत्महत्येच्या रांगेत बसवलं, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. एक शब्द सैल वापरला की असं होतं.

नवीन सभासद, हिंडलगा

सर्वांचा आदर ठेवून विचारते. ज्याचं आयुष्य त्याची इच्छा, यात वाईट काय? माझ्या वडिलांना कर्करोग होता. शेवटचे दोन महिने ते ओरडायचे. त्या वेळी कुणी इंजेक्शन देतो म्हटलं असतं तर मी नको म्हटलं नसतं. तुम्ही शब्दावरून वाद घालताय, त्यांना दुखत होतं.

वडगावचे गुरुजी

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वडिलांचं ऐकून पोटात कालवलं. शब्दापेक्षा दुखणं मोठं, हे मान्यच.

खरं, त्यांना काय पाहिजे होतं? माझ्या समजुतीनं त्यांना दुखायचं थांबायला पाहिजे होतं. त्यासाठी मॉर्फिन आहे. ते दवाखान्यांना सहज मिळावं म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलला. केरळनं तर २००८ मध्येच वेदनाशमनाचं धोरण केलं. सरकारकडे हात पसरायचा तर आधी याच्यासाठी पसरूया. खानापूरच्या जंगलातल्या गावापर्यंत वेदना थांबवणारी नर्स जात नाही, आणि मरणाचा हक्क मात्र परिपत्रकातून तिथं पोचला, ही उलटी रीत मला सहन होत नाही.

‘ज्याची त्याची इच्छा’ याचंही सांगतो. आपल्या घरांतली म्हातारी माणसं स्वतःची इच्छा सांगतच नाहीत. “माझं काय, तुम्हाला त्रास नको,” म्हणतात. ज्याच्या औषधाला म्हैस विकली त्याला विचारा, काय इच्छा आहे तुमची? तो तुमच्या तोंडाकडे बघून उत्तर देईल. मारणं एकदा कायदेशीर झालं की जगत राहण्याबद्दल अशा माणसाला खुलासा द्यावा लागेल. म्हणून ते दार बंदच राहावं, हे माझं ठाम मत आहे.

शहापूरचा वकील

ठीक, गुरुजी. मग मराठी फॉर्मात काय लिहायचं ते सांगा. उद्या कुणी विचारलं तर माझ्याकडं मसुदा पाहिजे.

वडगावचे गुरुजी

इच्छामरण आणि दयामरण दोन्ही काढतो. ‘उपचारविराम’ सुचला होता, पण तो आतेबहिणीला कळणार नाही. सरळ वाक्यच लिहितो :

“माझा आजार बरा होण्यासारखा नाही असं दोन्ही मंडळांच्या डॉक्टरांनी ठरवलं, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस यांसारखे उपचार सुरू करू नयेत, चालू असल्यास थांबवावेत. वेदना कमी करणारं औषध द्यावं. नैसर्गिक मृत्यू द्यावा.”

खानापूरची सिस्टर

गुरुजी, शेवटचं ‘द्यावा’ काढा. मृत्यू आम्ही देत नाही. ‘येऊ द्यावा’ करा. आणि औषधाच्या पुढं ‘शुश्रूषा चालू ठेवावी’ घाला.

वडगावचे गुरुजी

दोन्ही बदललं, सिस्टर. वकीलसाहेब, आधीची शेवटची दोन वाक्यं खोडा, त्यांच्या जागी हे घ्या : “वेदना कमी करणारं औषध द्यावं, शुश्रूषा चालू ठेवावी, आणि नैसर्गिक मृत्यू येऊ द्यावा.” संध्याकाळी आतेबहिणीला वाचून दाखवतो.