पीआय कंट्रोलर : जुने आकडे पीएलसीत भरल्यावर तापमान डोलत आहे

सातपूरकर : नमस्कार. दिंडोरी तालुक्यातील एका फळप्रक्रिया कारखान्यात देखभालीचे काम माझ्याकडे आहे. हीट एक्स्चेंजरमधून निघणारे गरम पाणी ८२ अंशांवर राखण्यासाठी वाफेच्या लाइनवर कंट्रोल व्हॉल्व्ह आहे. ट्रान्समीटरची रेंज ० ते २०० अंश आहे. जुन्या पॅनेल कंट्रोलरवर प्रपोर्शनल बँड (रेंजच्या किती टक्के फरकाला व्हॉल्व्ह पूर्ण हलतो) ४० आणि इंटिग्रल (उरलेला फरक हळूहळू भरून काढणारी क्रिया) २ होते, व तापमान जेमतेम एक अंश इकडेतिकडे होत असे. कंत्राटदाराने हे लूप (ट्रान्समीटर, कंट्रोलर व व्हॉल्व्ह यांची साखळी) पीएलसीवर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या औद्योगिक नियंत्रकावर, घेताना गेनच्या (फरकाला किती पट प्रतिसाद द्यायचा त्या) रकान्यात ४० आणि इंटिग्रल टाइमच्या रकान्यात २ भरले. आता व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा असतो किंवा पूर्ण बंद, आणि तापमान ७४ ते ९१ अंशांत डोलते. कोणता आकडा आधी बदलावा?

पॅनेलकर : दोन्ही एकदमच बदलावे लागतील, कारण आकडे तेच राहिले असले तरी त्यांचे अर्थ बदलले आहेत. १०० ला प्रपोर्शनल बँडने भागले की गेन मिळतो, म्हणजे आपला जुना गेन २.५ होता, सध्याचा त्याच्या १६ पट आहे. जुन्या कंट्रोलरचे इंटिग्रल बहुधा मिनिटांत असावे आणि पीएलसीचे ब्लॉक (नियंत्रणाचे तयार प्रोग्रॅम) साधारणतः सेकंद घेतात, त्यामुळे १२० च्या जागी २ पडले आहेत. बहुतेक ब्लॉकमध्ये गेन इंटिग्रललाही गुणतो, हे धरले तर इंटिग्रल क्रिया ९६० पट जलद झाली आहे. व्हॉल्व्हने तरी काय करावे!

मात्र जुने मॅन्युअल उघडून एकक पाहाच. काही कंट्रोलर ‘रिपीट्स पर मिनिट’, म्हणजे ही क्रिया मिनिटाला किती वेळा होते ते, दाखवतात. तसे असल्यास २ म्हणजे ३० सेकंद. शिवाय नवा ब्लॉक टक्क्यांऐवजी थेट अंशांवर गणित करीत असेल, तर आपल्या रेंजसाठी २.५ ऐवजी १.२५ भरावे लागेल.

अंबड इन्स्ट्रुमेंटेशन : वरील आकड्यांनी लूप शांत होईल, पण जुने ट्यूनिंग उत्तम होते असे त्यावरून ठरत नाही. एकदा स्टेप टेस्ट (आउटपुट एकदम थोडे बदलून तापमान कसे हलते ते पाहणे) घ्यावी. लूप मॅन्युअलवर (आपोआप नियंत्रण बंद करून) ठेवून तापमान स्थिर होऊ द्यावे, आउटपुट ४० वरून ४५ टक्के करावे आणि ट्रेंड पाहावा. समजा, १० सेकंद काहीच हलले नाही, मग तापमान चढू लागून एकूण ४ अंशांनी वाढले आणि त्यातील ६३ टक्के वाढ पुढील ४० सेकंदांत झाली. ४ अंश म्हणजे रेंजचे २ टक्के, म्हणून प्रोसेस गेन (आउटपुटच्या एका टक्क्याला तापमान रेंजच्या किती टक्के बदलते) २ भागिले ५, अर्थात ०.४. लूपला ४० सेकंदांची चाल द्यायची ठरवल्यास लॅम्डा पद्धतीने (लूपची हवी ती चाल आधी ठरवून आकडे काढण्याच्या रीतीने) गेन ४० ÷ (०.४ × (४० + १०)) = २ आणि इंटिग्रल ४० सेकंद येते. झीग्लर-निकोल्स यांच्या १९४२ च्या सूत्राने याच ट्रेंडवरून गेन ९ येतो. तो कागदावर चालतो, परंतु प्रत्येक बदलानंतर तापमान बरेच वर जाऊन परतते. फळाच्या गरासाठी मी तो वापरणार नाही.

टेस्ट नेहमीच्या लोडवर घ्यावी. नाशिकच्या थंडीत येणारे पाणी गार असते व व्हॉल्व्ह अधिक उघडा राहतो, तेव्हा प्रोसेस गेन वेगळा भरतो. सकाळी प्लांट सुरू होताना व्हॉल्व्ह बराच वेळ १०० टक्क्यांवर असेल, तर अँटी-वाइंडअप (व्हॉल्व्ह टोकाला असताना इंटिग्रल साचू न देणारी सोय) चालू आहे ना, तेही पाहावे. नाहीतर ८२ ओलांडल्यावरही वाफ चालूच राहील.

पॅनेलकर : एक भर. मॅन्युअलवर ठेवूनही तापमान डोलत असेल, तर ट्यूनिंगला हात लावू नये, वाफेचा दाब तपासावा. मॅन्युअलवर ते स्थिर असेल, पण आउटपुट एकेक टक्का वाढवताना स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) हलत नसून तिसऱ्या-चौथ्या टक्क्याला एकदम उडी घेत असेल, तर ग्लँड पॅकिंग (दांड्याभोवतीची गळतीरोधक भर) अडकते आहे. अशा व्हॉल्व्हवर इंटिग्रल कितीही मंद ठेवले तरी डोलणे थांबत नाही, फक्त त्याचा कालावधी लांबतो.

सातपूरकर : आभारी आहे. मॅन्युअलमध्ये इंटिग्रल मिनिटांतच दिले आहे आणि नवा ब्लॉक टक्क्यांवर चालतो. २.५ व १२० भरल्यावर तापमान ८१ ते ८३ अंशांत आले. स्टेम एकेका टक्क्याला व्यवस्थित हलतो. स्टेप टेस्ट पुढील बॅच रिकामी झाल्यावर फक्त पाण्यावर घेऊन ट्रेंड येथे देतो.