बोअरच्या पाण्याने विग राठ झालाय, काय करू?

मोगरी_१२
माझा विग खऱ्या केसांचा आहे, पाठीपर्यंत लांब. केस गेल्यापासून दोन वर्षं रोज वापरते. तीन महिन्यांपूर्वी भाड्याच्या नव्या घरात आलो, इथे बोअरचं पाणी. तेव्हापासून धुतला की केस काथ्यासारखे लागतात, मानेजवळ जटा होतात आणि वाळल्यावर कंगव्याच्या दातांत पिठासारखी पांढरी भुकटी निघते. शाम्पू-कंडिशनर तेच आहेत. घरमालक नळाला काही बसवू देत नाहीत, आणि मोठा खर्च आत्ता जमणार नाही. पिण्यापुरता आरओ आहे. काय करता येईल?

तळ्याकाठी
सॉफ्टनर बसवा, दुसरा विचारच नको. आम्ही अख्ख्या घराला बसवला. नळाचे पांढरे थर गेले, गीझर टिकतोय, साबण निम्मा लागतो. अधूनमधून मीठ घालायचं, बस्स.

मोगरी_१२
दादा, घर भाड्याचं आहे. परवानगी नाही.

चाफा_दारी
अगं, माझं अगदी हेच झालं होतं. मी कंडिशनर दुप्पट केला, तर केस वरून चिकट आणि आतून कोरडेच! मग लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून विग पाच मिनिटं बुडवून ठेवला. भुकटी गेली, चमक आली. दोन धुण्यांनंतर पुन्हा तेच.

तळ्याकाठी
पुन्हा तेच होणारच. पाणी तेच आहे ना! आमच्या बोअरचा टीडीएस ९०० होता. आधी टीडीएस मोजा.

शाळेची_प्रयोगवही
टीडीएस आणि जडपणा एक नव्हे. टीडीएस मीटर विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो, जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा असतो. सॉफ्टनर ते काढून बदल्यात सोडियम सोडतो, त्यामुळे सॉफ्टनरनंतरही टीडीएसचा आकडा जवळपास तोच दिसेल. जडपणा लिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर गेला की पाणी फार जड धरतात.
घरच्या घरी पाहायचं तर पारदर्शक बाटलीत पाणी घ्या, साध्या साबणाचे चार थेंब टाका आणि हलवा. फेस न येता पाणी दुधट झालं, वर साका आला, तर जड. शाम्पू टाकू नका, तो जड पाण्यातही फेसाळतो.
आणि विगलाच एवढा त्रास का? डोक्यावरच्या केसाला टाळूचं तेल मिळतं, मुळातून नवा केस येत राहतो. विगच्या केसाला दोन्ही नाही. प्रत्येक धुण्याचा थर आधीच्या थरावर चढतो.

गंगावनवाली
मी पाणी उकळून घेते. माझं गंगावन सहा वर्षं टिकलंय, अजून मऊ!

शाळेची_प्रयोगवही
उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणाच जातो. सल्फेट, क्लोराइड असेल तर फरक नाही.

गंगावनवाली
सहा वर्षं टिकलंय म्हटलं ना.

उनाड_वारा
उकळणाऱ्यांनी पाणी पूर्ण गार करूनच वापरा. माझा विग सिंथेटिक. कडक पाण्यात घातला आणि पुढच्या बटा आखडून कुरळ्या झाल्या, त्या कायमच्याच. शिवाय एकदा आरओचं बाहेर पडणारं पाणी फुकट जातं म्हणून त्यात धुतला. धागे इतके खरखरीत झाले की बोटं फिरेनात. कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

शाळेची_प्रयोगवही
त्या पाण्यात क्षार उलट जास्तच दाट होतात. पिण्याच्या नळीचंच घ्या.

तळ्याकाठी
म्हणून म्हणतो, सॉफ्टनर.

टोपघर
नाटकाचे टोप सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. ताई, सगळं धुणं गोड्या पाण्यात करायची गरज नाही, शेवटचे हात त्यात झाले पाहिजेत. घटकांच्या यादीत ईडीटीए असलेला, साठलेले क्षार उतरवणारा शाम्पू एकदा वापरा. रोज नको, तो केस कोरडे करतो. विग उभा धरून वरून खाली हात फिरवा, चोळू नका. मग बादलीत आरओचं चार लिटर पाणी घेऊन बुडवून काढा, पाणी बदलून पुन्हा एकदा. कंडिशनर अर्ध्यापासून टोकांपर्यंतच लावा. जाळीच्या गाठींना लागला तर गाठी सैल होतात, केस सुटू लागतात. मानेजवळची जट ओल्यात ओढू नका. अर्धवट वाळली की कंडिशनर लावून टोकाकडून बोटांनी सोडवा. आणि काहीही झालं तरी कात्री लावू नका, ते केस परत वाढणार नाहीत.

चाफा_दारी
हो, कात्री नको! मी आधी व्हिनेगर आणि मग आरओ असं करून बघते आता.

मोगरी_१२
सगळ्यांचे मनापासून आभार. बाटलीतलं पाणी दुधट झालं. टोपघर म्हणाले तसा शाम्पू वापरला, रात्रभर भांडी भरून आठ लिटर आरओचं पाणी साठवलं. वरचे केस पूर्वीसारखे सुळसुळीत झाले, कंगवा कोरा निघाला. मानेजवळचे मात्र सुटले तरी चरचरीतच राहिले.
तुम्ही सगळे नको म्हणालात, तरी काल चार बोटं कापले. पदराला, कॉलरला घासून तीच टोकं गुंतत होती. आता विग खांद्यापर्यंत आहे, धुवायला पाच लिटर पुरतं, आणि आज दिवसभरात एकदाही जट झाली नाही.

तळ्याकाठी
कापायला नको होते. घरमालकाशी मी बोलू का?