प्रति: गहुंजे म्हणजे तीन दिवसांची कसोटी

वर कुणीतरी लिहिलंय की गहुंजेला, म्हणजे पुण्याजवळच्या क्रिकेट स्टेडियमवर, कसोटी तीन दिवसांच्या पुढे जातच नाही. २०१७ आणि २०२४ पुरतं खरंय. ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू ओकीफने दोन्ही डावांत प्रत्येकी ३५ धावांत सहा-सहा बळी काढले, न्यूझीलंडचा फिरकीपटू सँटनरने सामन्यात तेरा. चौथ्या दिवसाची तिकिटं काढणारे बसले हात चोळत!

पण मधली २०१९ ची कसोटी कशी विसरता? दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ५ बाद ६०१ वर डाव घोषित, कोहली नाबाद २५४. आणि त्यांच्या पहिल्या डावात उमेश-शमी या वेगवान जोडीने मिळून पाच बळी घेतले, म्हणजे निव्वळ फिरकीचा आखाडा नव्हताच तो. लोणावळा लोकलने देहूरोडला उतरून, रिक्षावाल्याशी घासाघीस करून गेलो होतो. ऊन मरणाचं, पण उमेशच्या चेंडूवर यष्टिरक्षक साहाने सूर मारून घेतलेला झेल प्रत्यक्ष बघायला मिळाला. टीव्हीवर ती मजा नाही.