छोट्या निवासी कॉलेजातले दिवस : तुम्ही राहिला असाल तर सांगा

माझी भाची यंदा बारावी झाली. बीएस्सी ॲग्रीसाठी तिचा नंबर एका लहानशा निवासी कॉलेजात लागलाय. तालुक्याच्या गावापासून नऊ किलोमीटरवर, चारी बाजूंनी शेतं, दोन वसतिगृहं, एक मेस आणि सगळी मिळून अडीचशे मुलं-मुली. माहितीपत्रकात वायफाय, जिम, आरओचं पाणी, सुसज्ज ग्रंथालय असं सगळं छापलंय. ताई म्हणाली, "तू हॉस्टेलला राहिलेला आहेस, जाऊन बघून ये." मी गेलो, सगळं हिंडून बघितलं आणि परत येताना जाणवलं की इमारत बघून फार थोडं कळतं. मे महिन्यात नळाला पाणी असतं का, ग्रंथालयाला कुलूप किती वाजता लागतं, रात्री दोन वाजता पोटात दुखायला लागलं तर गाडी कोण काढतं, हे तिथे राहिलेलं माणूसच सांगू शकतं. म्हणून हे विचारतोय. चांगलं लिहाच, पण जे मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही तेही लिहा. दुखरं लिहिताना कॉलेजचं नाव नको.

सुरुवात माझ्यापासून. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज, 'कमवा आणि शिका', १९८४ ते ८७. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे कॉलेज १९४७ साली काढलं. त्याच्याही आधी, १९२४ पासून, साताऱ्यात त्यांचं सर्व जातींच्या मुलांचं बोर्डिंग होतं. १९२७ साली गांधीजी तिथे आले आणि बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. त्या मुलांच्या धान्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं होतं. त्यामुळे पानात टाकायची कुणाची हिंमत होत नसे. माझ्याकडे बागेचं काम. पहाटे उठून आळी करायची, पाणी द्यायचं, मग आंघोळ आणि तास. पहिल्या महिन्यात हाताला फोड आले. घरी पत्रात ते कळवलं नाही, 'अभ्यास चांगला चाललाय' एवढंच लिहिलं. पण वडिलांकडे पैसे मागायला लागत नव्हते. ज्याच्या घरी दीड एकर कोरडवाहू जमीन आणि चार भावंडं आहेत, त्यालाच या वाक्याचं वजन कळेल. सोयी म्हणाल तर खोलीत एक चाळीसचा बल्ब, एक खुंटी आणि ट्रंक ठेवायला कोपरा. मला त्या कधी कमी वाटल्या नाहीत. आता तुमचं लिहा; आलेली उत्तरं खाली एकेक करून देतोय.

दापोली, कृषी महाविद्यालय. गाव यवतमाळ जिल्ह्यात

मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात वाढलो. आमच्याकडे वर्षभरात पडतो त्याच्या तिपटीहून जास्त पाऊस दापोलीत पडतो, साधारण साडेतीन हजार मिलिमीटर. जूनमध्ये पोचलो, ऑगस्ट उजाडला तरी जीन्स वाळली नव्हती. चपलेला बुरशी, पुस्तकाच्या पुठ्ठ्याला बुरशी, गादीला वास. खोलीत आडव्या दोऱ्या बांधून आम्ही कपड्यांखाली झोपायचो. मेसमध्ये दोन्ही वेळा भात. ज्वारीच्या भाकरीची आठवण येऊन मी खरोखर रडलोय.

पहिल्यांदा भातलावणीच्या प्रॅक्टिकलला चिखलात उतरलो तेव्हा पोटरीपर्यंत रुतलो. शेजारचा रत्नागिरीचा मुलगा सरसर लावत पुढे गेला आणि मग मागे येऊन माझी ओळ लावून दिली. त्यानेच मला राब (रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेली जमीन) म्हणजे काय, तरवा, म्हणजे भाताची रोपं, कसा उपटायचा, मुठी कशा बांधायच्या हे शिकवलं. दिवाळीत मी घरी न जाता त्याच्याकडे गेलो आणि कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी मला इतकी आवडली की पुढच्या खेपेला आईसाठी कुळीथ घेऊन गेलो. रविवारी मुरूडला, महर्षी कर्व्यांच्या गावी, समुद्रावर जायचो. हर्णैला बंदरावर मासळीचा लिलाव बघायचा. तुमच्या भाचीला शेवटच्या वर्षी 'रावे' असेल, म्हणजे गावात राहून शेतकऱ्यासोबत काम. तिची खरी परीक्षा तिथे होईल. वसतिगृहातल्या मैत्रिणींशी जमवून घेणं त्या वेळी फार कामाला येतं, कारण चार-पाच जणींना एकाच घरात राहायचं असतं.

लातूर जिल्हा, पॉलिटेक्निक, १९९२–९५

आमच्याकडे ठेकेदार मेस अर्ध्यात सोडून गेला आणि प्राचार्यांनी ती मुलांच्या हाती दिली. दर महिन्याला एक मेस सेक्रेटरी. मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, तूरडाळ, तेल, गहू आणायचे, रोज हजेरी घ्यायची, महिनाअखेर एकूण खर्चाला एकूण डाएटनी, म्हणजे हजेरीच्या बेरजेनी, भागायचं आणि दर फळ्यावर लिहायचा. मी सेक्रेटरी असताना स्वस्त मिळाली म्हणून जुनी डाळ उचलली. तिला कीड निघाली. सगळ्यांसमोर कबूल केलं आणि महिनाभर डाळ निवडायला मी स्वतः बसलो.

सेक्रेटरी म्हणून माझी दुसरी पाळी आली सप्टेंबर १९९३ला. विसर्जनाच्या मिरवणुकीतून पोरं उशिरा परतली होती. ३० तारखेला पहाटे चारच्या सुमाराला खाटा हलल्या. आम्ही सगळे मैदानात. आमची इमारत उभी राहिली. उजाडताना किल्लारीच्या भूकंपाचं कळलं. आमच्यातल्या दोघांची गावं त्याच पट्ट्यातली. ते तसेच निघाले. मी कोठार उघडलं आणि आचाऱ्यांना म्हटलं, आहे तेवढं पीठ मळा. कुणाला विचारलं नाही, विचारायचं सुचलंही नाही. पोळ्या आणि कोरडं पिठलं, दुपारपर्यंत दोन टेम्पो गेले. ज्यांना कधी पोळी लाटता आली नव्हती ती मुलं लाटत होती. मग पाऊस सुरू झाला. ढिगाऱ्यांवर, माणसांवर, आम्ही नेलेल्या अन्नावर. दगडमातीच्या भिंती कशा कोसळतात ते मी त्या आठवड्यात बघितलं. सिव्हिलचा विद्यार्थी होतो, त्यानंतर बांधकामाचं पुस्तक वेगळ्या नजरेने वाचायला लागलो. त्या दोघांपैकी एकजण महिन्याने परत आला. दुसरा नाही आला. त्याची खाट आम्ही वर्षभर कुणाला दिली नाही.

त्या महिन्याचा दर फळ्यावर दीडपट लागला. एकानेही कुरकुर केली नाही.

मुलींचं वसतिगृह, विज्ञान महाविद्यालय, २००६–०९

ग्रंथालय छान होतं. वाचनकक्ष रात्री दहापर्यंत उघडा. आमचं फाटक सातला बंद. म्हणजे ते ग्रंथालय आमच्यासाठी नव्हतंच. शेवटचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायचं, त्यानंतर चहा, कपडे धुणं, की सात. मुलं परीक्षेच्या काळात तिथे संदर्भग्रंथ घेऊन बसायची आणि आम्ही खोलीत झेरॉक्स वाचायचो. पहिलं वर्ष हे असंच असतं असं समजून काढलं. दुसऱ्या वर्षी एका मैत्रिणीने साधा प्रश्न विचारला, "फी दोघांची सारखीच आहे ना?"

आम्ही ४३ जणींनी अर्ज लिहिला. आधी उत्तर आलं की पालकांची हरकत आहे. मग आम्ही आपापल्या आईवडिलांच्या सह्या आणल्या. माझे वडील सही करताना थांबले होते, मला आठवतंय. विचारलं, "रस्त्यावर दिवे आहेत का?" नव्हते. मग अर्जात ती मागणीही घातली. चार महिने गेले. शेवटी फाटकाची वेळ साडेनऊ झाली, वाटेवर तीन दिवे लागले आणि वॉचमनकाका शेवटच्या फेरीला आमच्यासोबत चालत यायला लागले. मामा म्हणून तुम्ही बघायला गेलात हे चांगलंच, पण मुलामुलींच्या वेळा सारख्या आहेत का हे नक्की विचारा. आणि पॅड टाकायची सोय, प्रत्येक मजल्यावर, झाकण असलेली. आम्ही तीन वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या उकिरड्यापर्यंत चालत गेलो, तेही अंधार पडल्यावर.

नागसेनवन, मिलिंद महाविद्यालय, १९६७

वय झालंय, थोडक्यात लिहितो. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला हे कॉलेज काढलं. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. वसतिगृहात जेवायला बसलो तेव्हा डावीकडचा, उजवीकडचा, वाढणारा, कुणीही मागे सरकलं नाही. गावात पाणी वरून ओतून घेतलेलं माझ्या ओंजळीला आठवत होतं. त्या दिवशी तांब्या माझ्या हातात दिला गेला. तुमच्या सोयीसुविधांच्या यादीत हे कुठे बसतं मला माहीत नाही. माझ्यासाठी पहिली सोय तीच होती.

डिप्लोमा, मेकॅनिकल, २०११

लहानपणी पोलिओ झाल्यामुळे मी कुबड्यांवर चालतो. खोली तळमजल्यावर दिली, आभार. पण संडास भारतीय पद्धतीचे, धरायला काही नाही, जमीन कायम ओली. पहिले दोन महिने मी दिवसभर पाणी पीत नसे. त्यातून मुतखडा झाला. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कारण सांगायला लाज वाटली. रूम पार्टनरने ते ऐकलं. त्याने आणि आणखी तिघांनी वर्कशॉपमध्ये लोखंडी पाइप वाकवून, वेल्डिंग करून खुर्ची बनवली, मध्ये मोकळी, पायांना रबरी बूट. वर्कशॉपच्या सरांनी पाइप मापून दिला आणि तो जॉब म्हणून त्यांच्या वहीत नोंदवला. ती खुर्ची अजून त्या वसतिगृहात आहे.

मित्रांचं ऋण आहेच. तरीही सांगतो, ते काम कॉलेजचं होतं. आता २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. रॅम्प, कठडे, कमोड हे मागायला संकोचू नका, आणि फक्त रॅम्प दाखवला तर संडासही बघा.

मेसच्या मागची खोली

मी विद्यार्थिनी नव्हते. माझे बाबा एका कॉलेजच्या मेसमध्ये आचारी होते, २२ वर्षं. आम्ही मेसच्या मागच्या खोलीत राहायचो. भिंतीपलीकडे भट्टी, त्यामुळे थंडीत उबदार आणि एप्रिलमध्ये झोप अशक्य. बाबांना दीडशे मुलांची आवडनिवड पाठ होती. कोण कांदा-लसूण खात नाही, कुणाचा गुरुवार, कुणाला कावीळ झालीय म्हणून बिनतेलाचं वेगळं काढायचं. कुणी दोन वेळा जेवायला आलं नाही की बाबा आधी खोलीवर माणूस पाठवायचे. एकदा असं पाठवल्यामुळे तापाने बेशुद्ध पडलेला मुलगा सापडला होता.

मला दहावीचं गणित तिथल्याच मुलांनी शिकवलं, पीठ चाळायच्या टेबलावर. आज मी स्वतः गणित शिकवते. पण आमच्या खोलीला संडास नव्हता. आई आणि मी मुली तासाला गेल्यावर त्यांच्या वसतिगृहाचा वापरायचो. कॉलेजच्या तपासणीला समिती यायची तेव्हा मेस धुऊन चकचकीत होई, आमच्या खोलीचं दार लावून घ्यायला सांगत. तपासणीत आचाऱ्यांच्या, वॉचमनच्या राहण्याची नोंदही असावी असं मला मनापासून वाटतं.

वसतिगृहाचा निवृत्त रेक्टर, १७ वर्षं

पालक जिम दाखवा म्हणतात. मी त्यांना पाण्याच्या टाकीवर न्यायचो. टाकी शेवटची कधी धुतली ती तारीख टाकीवर रंगवलेली असली पाहिजे. एका वर्षी आमच्याकडे एकाच आठवड्यात १९ मुलांना कावीळ झाली, चूक माझी होती, मी वरचं झाकण बघितलं नव्हतं. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी स्वतः शिडी चढत असे.

रॅगिंगबद्दल. महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, देशभरची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२, हा नंबर पोरीच्या फोनमध्ये आजच टाका. लहान कॉलेजात सगळे सगळ्यांना ओळखतात म्हणून काही घडत नाही, असं समजू नका. सगळे ओळखतात म्हणूनच तक्रार करायला मूल घाबरतं. पहिले दोन महिने मी रात्री साडेअकराला पहिल्या वर्षाच्या मजल्यावर चक्कर मारायचो. कुणाचा दिवा जळतोय आणि कुणाची खाट रिकामी आहे एवढंच बघायचं.

सध्या दुसऱ्या वर्षाला, बीएस्सी ॲग्री

मामा, माझंही असंच कॉलेज आहे. वायफाय आहे पण रेंज जिन्यातच येते, म्हणून संध्याकाळी सगळ्या जिन्यात बसलेल्या असतात आणि तिथेच आमची ओळख झाली. तिला एक चांगली टॉर्च द्या, शेतावरच्या प्रॅक्टिकलसाठी गमबूट द्या, बादलीवर ऑइल पेंटने नाव लिहून द्या. कीटकांची पेटी आणि हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) पहिल्या पावसापासूनच जमवायला लावा, शेवटी धावपळ होते. गरम पाणी सकाळी सहा ते सातच असतं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, रात्रीसाठी कॉलेजची जीप आहे आणि चालक आवारातच राहतात. हे मी येण्याआधी कुणी सांगितलं असतं तर आई इतकी घाबरली नसती.

आमच्या गच्चीवरून रात्रीची शेवटची एसटी दिसते, आमच्या तालुक्याची. पहिले दोन महिने मी रोज पावणेनऊला ती बघायला वर जायचे. आता त्या वेळी खाली गॅदरिंगच्या नाटकाची तालीम असते. काल कुणीतरी म्हणालं, गाडी गेली. मी मान वर केली तोवर लाल दिवा वळणाच्या पलीकडे गेला होता.