मोजमाप करणारी टीम किती पक्की, हे कसं तपासायचं?

प्रश्न : मंडळी, छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याला आमची ६० जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. कामाच्या मोजमापाला तिघांची टीम. दर सोमवारी आकड्यांचा डॅशबोर्ड येतो, पण टीम पक्की की कच्ची, कशावरून ठरवायचं?

उत्तर १ : डॅशबोर्ड बाजूला ठेवा. एकच आकडा उचला, समजा ‘लीड टाइम (काम हातात आल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा वेळ) ४ दिवस’, आणि टीममधल्या दोघांना वेगवेगळं बसवून मूळ नोंदींवरून पुन्हा काढायला सांगा. एकाचे ४ आले, दुसऱ्याचे ९, तर व्याख्याच लिहिलेली नाही. बहुतेक वेळा एक जण तिकीट (कामाची नोंद) उघडल्यापासून मोजतो, दुसरा पहिल्या कमिटपासून, म्हणजे कोडमधला पहिला बदल जतन केल्यापासून. सरासरी तर मागूच नका. ७० दिवस रखडलेलं एखादं तिकीट ती फुगवतं. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि ८५ वा शतमक (ज्याच्या आत १०० पैकी ८५ तिकिटं संपतात तो आकडा) मागा.

उत्तर २ : दादांचं बरोबर आहे. शिवाय प्रत्येक आकड्यासमोर लिहा, यावरून कोण, कोणता निर्णय घेतो. नाव सुचत नसेल तर तो आकडा बंद करा. सॉफ्टवेअर मोजमापाचे अभ्यासक व्हिक्टर बॅसिली यांची पद्धतही आधी ध्येय, मग प्रश्न आणि शेवटी मापक अशीच जाते.

उत्तर ३ : कळकळीची विनंती, बगची (कोडमधल्या चुकांची) संख्या पगारवाढीला जोडू नका. टेस्टर एकाच बगची तीन तिकिटं करतात, डेव्हलपर तोंडीच मिटवतात, आणि नोंदी नासतात.

प्रश्नकर्ता : जोडलेली आहे, एप्रिलआधी काढतो. शतमकाला किती तिकिटं लागतील?

उत्तर १ : निदान ३० तरी धरा. त्याहून कमी असतील तर शतमक न काढता प्रत्येक तिकिटाचा ठिपका आलेखावर मांडा.