ऊसतोडीला गेलेल्या बाळाचे राहिलेले लसीचे डोस तिकडच्या गावात मिळतात का?

केजची_लेक
नमस्कार, जरा घाईचं विचारायचंय. माझा भाऊ आणि वहिनी दिवाळीनंतर टोळीबरोबर सांगलीकडं ऊसतोडीला गेलेत, सोबत दहा महिन्यांची भाची आहे. तिचे जन्माचे, दीड महिन्याचे आणि अडीच महिन्याचे डोस गावाकडं झाले, साडेतीन महिन्याच्या वेळी वहिनी माहेरी होती तेव्हा राहून गेले, आणि नऊ महिने भरले तोवर सगळे फडावर. मागच्या आठवड्यात वहिनी बाळाला घेऊन तिकडच्या एका दवाखान्यात गेली तर म्हणाले तुमची नोंद बीड जिल्ह्यातली आहे, तिकडंच घ्या. त्या दिवसाचा खाडा पडला तो पडलाच आणि डोस पण नाही. हंगाम संपायला अजून तीन-चार महिने, तोवर थांबायचं का? आधारवरचा पत्ता बदलावा लागतो का? कुणी म्हणतंय एवढी गॅप पडली म्हणजे पहिल्यापासून सगळं परत घ्यावं लागतं, हे खरंय का? आणि भावाच्या पायाला काल कोयता लागलाय, त्याचं इंजेक्शन तिथंच मिळेल का? मी इथं बसून नुसती फोन करतेय, रात्रभर झोप नाही.

उपकेंद्राची_सिस्टर
ताई, मी कोल्हापूर जिल्ह्यात आरोग्यसेविका आहे, दर हंगामाला आमच्याकडं टोळ्या उतरतात. बाळ आज ज्या गावात आहे त्याच गावात त्याचा डोस द्यायचा असतो, पत्ता कुठलाही असो. रहिवासी दाखला, रेशनकार्ड काही लागत नाही, पैसे तर नाहीतच. वहिनीला परत पाठवलं ते चुकीचंच झालं, वाचून वाईट वाटलं.

पहिल्यापासून अजिबात नाही. जिथं थांबलं तिथून पुढं सुरू करायचं. म्हणजे आता पेंटाचा (पाच रोगांवरची एकत्र लस) तिसरा, न्यूमोनियाची पीसीव्ही, दंडातलं पोलिओचं इंजेक्शन आणि गोवर-रुबेलाचा पहिला, अशा चार सुया होतील, शिवाय पोलिओचे आणि जुलाबावरच्या रोटाचे थेंब आणि अ जीवनसत्त्व. हे सगळं एकाच दिवशी देता येतं, दोन मांड्या दोन दंड अशा वेगवेगळ्या जागी. चार सुया बघून आईचा जीव हलतो, मला माहितीय, पण परत परत खाडा करून यायला लावण्यापेक्षा हे बरं. संध्याकाळी ताप येईल, पॅरासिटामॉल कसं द्यायचं ते तिथंच विचारून घ्यायचं, आणि सुईच्या जागी चोळायचं नाही, हळद-बाम काही लावायचं नाही. डोस झाल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं.

जायचं सकाळी. गोवरच्या बाटलीत पाणी मिसळलं की ती चार तासांतच वापरावी लागते, दुपारी उशिरा गेलं तर बंद झालेलं असतं. आणि एकच बाळ आहे म्हणून बाटली फोडत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, एका बाळासाठी पण फोडायची असते.

गोवरचं मात्र लांबवू नका. 2022 ला मुंबईत गोवंडीत साथ आली तेव्हा नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यावे लागले होते. तळावरच्या कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, पण अशाच एकमेकीला चिकटून असतात, एका पोराला झाला की सगळ्यांना होतो.

भावाला आजच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा, टीडीचं, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन तिथं फुकट मिळतं. जखम खोल असेल तर डॉक्टरांना दाखवायचीच.

कोपीत_वाढलेला
आमचे आईबाप पण कोयत्यावर होते म्हणून लिहितोय. वहिनीला सांगा बाळाच्या लसीच्या कार्डाचा फोटो काढून तुम्हाला पाठवून ठेव. आमच्या आईनं धाकटीचं कार्ड जपून राहावं म्हणून लॅमिनेशन करून आणलं, मग पुढचा डोस लिहायला सिस्टरला जागाच नाही, पेन चालेना. कार्ड साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचं बस. आणि गावाकडं यू-विनवर (सरकारची लसीची ऑनलाइन नोंद) नोंद झाली असेल तर ज्या मोबाईल नंबरवर केली तो नंबर सांगायचा, दुसऱ्या जिल्ह्यात पण दिसतं.

दुसरं म्हणजे एकट्या बाईनं जायच्या ऐवजी मुकादमाला सांगून तळावरची सगळी पोरं मोजा, पाच वर्षाच्या आतली किती ते, आणि त्या गावच्या आशाताईला आकडा द्या. वीटभट्टी, बांधकाम, ऊसतोडीचे तळ हे त्यांच्या यादीत धरायचे असतात, मुलं जास्त असली की सिस्टर लसीचा डबा घेऊन तळावरच येते. मग कुणाचाच खाडा नाही.

डॉ_तालुका
वरचं बरोबर आहे. मोठ्यांचं थोडं सांगतो कारण तळावर ते कुणी विचारतच नाही. टोळीत कुणी गरोदर असेल तर टीडीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतरानं, ते पण तिथल्याच उपकेंद्रात होतात, बाळंतपणाला गावी जाईपर्यंत थांबू नका. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, चुना-मिरची काही भरायचं नाही, लगेच सरकारी दवाखाना, रेबीजची लस तिथं मोफत आहे. पहिल्या सुईनंतर बरं वाटलं म्हणून पुढच्या तारखा सोडू नका, टोळी दुसऱ्या गावाला हलली तर तिथल्या सरकारी दवाखान्यात कागद दाखवून पुढचे डोस घ्या.

केजची_लेक
सगळ्यांचे खूप आभार, आत्ताच वहिनीचा फोन आला. भावाचं टीडी त्याच दिवशी झालं, तीन टाके पडले. मुकादमाला भावानं सांगितलं, तळावर पाच वर्षाच्या आतली अकरा पोरं निघाली, त्यातल्या सहा जणांचं काही ना काही राहिलेलं. आशाताई येऊन नावं लिहून गेल्या आणि आज सकाळी सिस्टर डबा घेऊन कोप्यांवर आल्या. भाचीला चार सुया झाल्या, लई रडली म्हणे, आता ताप आहे पण अंगावर पितेय. कार्डावर पुढची तारीख लिहून दिलीय, फोटो माझ्याकडं आलाय. सिस्टरताई, जन्माच्या वेळच्या बीसीजीचा (क्षयाच्या लसीचा) वण दिसतोय का ते पण बघितलं त्यांनी, दिसतोय.