पत्रकात 'वरीलप्रमाणे' लिहायचं की 'चौकट 2 पाहा'?

मसुदावाला_वरुड
संत्र्याच्या डिंक्या रोगावरचं (खोडातून डिंक गळतो तो) चार पानी पत्रक घ्या. पान 2 वर फवारायचं बुरशीनाशक, बोर्डो मिश्रण: मोरचूद (कॉपर सल्फेट) 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. पान 3 वर खोडाला लावायची बोर्डो पेस्ट: मोरचूद-चुना तेवढाच, पाणी मात्र 10 लिटर. आणि पान 4 वर वाक्य येतं, 'पावसाळ्यापूर्वी व नंतर खोडाला वरीलप्रमाणे द्रावण लावावे.' यातलं वरचं कोणतं? मिश्रण खोडाला लावलं तर ओघळून जातं. दहापट घट्ट पेस्ट पंपात भरली तर नोझल तुंबतं आणि पालवीही करपते. म्हणून 'वरील', 'खालील', 'उपरोक्त' हे सगळं बंद करा. 'मागील पान' तर अजिबात नको, कारण ते आधीचं पानही असतं आणि कागदाची पाठही. प्रत्येक कृतीला नाव आणि क्रमांक द्या, आणि संदर्भात दोन्ही लिहा: 'बोर्डो पेस्ट (चौकट 2)'.

पऱ्हाटीवाला
राजेहो, हात चुन्यानं भरलेला असताना चौकट कोण शोधते? '10 लिटर पाणी' तिथंच लिहा ना. व्हॉट्सॲपवर तं पत्रकाचं एकच पान फिरते. पान 4 आलं, पान 3 आलंच नाही, मग तुमचा क्रमांक काय कामाचा?

मसुदावाला_वरुड
आणि प्रमाण बदललं की? एका पानावर दुरुस्ती होते, दुसऱ्यावर जुनाच आकडा राहतो. दोन वेगळे आकडे छापण्यापेक्षा एक पान उलटलेलं बरं.

डीटीपी_अकोला
क्रमांकाची बाजू घेताना छापखान्याकडेही पाहा. हातानं टाकलेला 'तक्ता 3' हा क्रमांक, मधेच एक तक्ता वाढला की चुकतो. वर्डमध्ये आपोआप संदर्भ घाला, पण तोही स्वतःहून बदलत नाही. छापण्याआधी कंट्रोल-ए करून एफ 9 दाबा. मूळ मथळा कोणी पुसला असेल तर क्रमांकाच्या जागी इंग्रजी एररची ओळ उमटते, ती प्रुफातच पकडावी लागते.

मराठीची अडचण वेगळीच. आपोआप आलेला 'तक्ता 2' विभक्ती घेत नाही. 'तक्ता 2 त दिलेल्या' हे वाचवत नाही आणि 'तक्त्या 2 मध्ये' सॉफ्टवेअर करून देत नाही. संदर्भ कंसात टाकला की भांडण मिटतं: 'पेस्टचं प्रमाण (पाहा: तक्ता 2)'.

कृषी_शब्द
मसुदावाला आणि पऱ्हाटीवाला, दोघांचंही अर्धं खरं. चुकला तर नुकसान होईल असा आकडा जागेवरच पुन्हा लिहा. लांबलचक कृती मात्र संदर्भानं द्या: मोरचूद आणि चुना मिश्रणासाठी प्रत्येकी 50 लिटर (पेस्टसाठी प्रत्येकी 5 लिटर) पाण्यात, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ढवळत ओतायचे. लोखंडी विळा बुडवून पाहायचा, तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी वाढवायची. एवढं तीनदा कोण छापणार? मग पान 4 वर असं लिहा: 'खोडाला जमिनीपासून 1 मीटरपर्यंत बोर्डो पेस्ट (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, कृती चौकट 2) लावा.' पुन्हा छापलेल्या प्रत्येक आकड्यावर मसुद्यात पिवळा रंग भरा, म्हणजे दुरुस्तीत एकही सुटत नाही.

पऱ्हाटीवाला
हे पटते. पण एक गोष्ट संदर्भावर टाकूच नका: हातमोजे, चष्मा, मास्क, वाऱ्याची दिशा. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीनं विषबाधा झाली, तेव्हापासून तरी 'सुरक्षेसाठी चौकट 5 पाहा' हे वाक्य कशाला पाहिजे? कृती आहे त्याच पानावर, कृतीच्या आधी छापा.

मसुदावाला_वरुड
प्रत्येक पानावर चार ओळी वाढल्या तर पत्रक पाच पानांचं होतं, आणि पाचवं पान म्हणजे वेगळा कागद.

पऱ्हाटीवाला
मंग पहिल्या पानावरची प्रस्तावना काढा. ती काहून ठेवली?